हार की हात?

घाटंजीत असो वा मुंबईत, सेवासंस्थेच्या समारंभात वाटायच्या वह्यांपेक्षा हारच अधिक दिसले, की मला गाडगेबाबा आठवतात. १९५६ साली ते गेले. पण हयातभर आधी गाव झाडीत, मग कीर्तनाला उभे राहात.

दानाचे फळ मिळतच नाही, असे माझे म्हणणे नाही. मिळते, पण ते फोटोत मावत नाही! रोटरीने १९८५ पासून पोलिओविरुद्ध पैसा नि माणसे उभी केली; २०१४ साली भारत पोलिओमुक्त ठरला. आपल्या हातच्या थेंबांनी कोणते मूल पांगळेपणातून वाचले, हे त्या स्वयंसेवकांना कधीच कळणार नाही. याहून निर्मळ पुण्य कोणते?

तेव्हा सभासदहो, यंदा हारांचे पैसे वह्यांत घाला आणि शिकवायला स्वतः बसा!