घरखर्चाचं वर्ष कापणीला सुरू होतं

तंजावर आणि कुंभकोणमच्या मधे पापनाशम लागतं. तिथल्या तिरुप्पालैत्तुरैच्या शिवमंदिरात विटांचं एक प्रचंड गोल कोठार आहे, सतराव्या शतकाच्या पूर्वार्धातलं, नायक राजांच्या काळातलं. त्यात ३,००० कलम भात मावे; कलम हे तिकडचं धान्याचं माप. कावेरीच्या या पट्ट्यात घराचा हिशेब आजही भातावरच बसवावा लागतो. मेट्टूर धरणाचं पाणी रिवाजाप्रमाणे १२ जूनला सोडतात, मग कुरुवै हे भाताचं पहिलं पीक, पुढे सांबा हे दुसरं. पैसा हातात येतो तो कापणीनंतर. मधले महिने नुसते खर्चाचे.

घरखर्चाची बहुतेक अ‍ॅप्स मात्र पगारदाराला समोर ठेवून बनवलेली. एक तारखेला जमा, महिनाअखेर शिल्लक. पापनाशमच्या शेतकऱ्याला ती महिनोन्‌महिने लाल आकडेच दाखवणार. लातूरला सोयाबीन विकणाऱ्याला किंवा कोल्हापुरात उसाच्या बिलाची वाट पाहणाऱ्यालाही तेच. काटकसरीने राहणाऱ्या घराला उधळं ठरवणारा हिशेब काय कामाचा? म्हणून अ‍ॅप घेताना आधी हे पाहा, की हिशेबाचा कालावधी आपल्या हंगामाप्रमाणे ठरवता येतो का.

बँकेचे मेसेज वाचून खर्च आपोआप टिपणाऱ्या अ‍ॅपचा मोह सगळ्यांनाच पडतो. पण एटीएममधून काढलेले पाच हजार त्यात एकाच ओळीत पडतात. त्यातले लावणीच्या मजुरीचे किती, दुधाचे किती, औषधाचे किती, याचा पत्ता नाही. स्वतःच्याच दुसऱ्या खात्यात वळवलेली रक्कमही कधीकधी खर्चात धरली जाते. शिवाय अ‍ॅपची मालकी बदलते. पुण्यात तयार झालेलं ‘वॉलनट’ अशाच मेसेजवर चालायचं. २०१८ मध्ये ते कॅपिटल फ्लोट या कर्जपुरवठा करणाऱ्या कंपनीने विकत घेतलं. आपल्या खर्चाच्या नोंदी उद्या कुणाकडे जातील, हे आपल्या हातात राहत नाही.

आणि अ‍ॅप बंदही पडतं. मायक्रोसॉफ्टने ‘मनी’ या घरहिशेबाच्या प्रोग्रॅमची विक्री २००९ मध्ये थांबवली, अमेरिकेत लोकप्रिय असलेलं ‘मिंट’ अ‍ॅप मार्च २०२४ मध्ये बंद झालं. तंजावरच्या भोसल्यांच्या काळातले मोडी कागद, त्यातल्या जमाखर्चासकट, सरस्वती महाल ग्रंथालयात अजून टिकून आहेत. आपल्या घरच्या नोंदी दहा वर्षं तरी टिकाव्यात, एवढी अपेक्षा रास्तच आहे.

माझं मत ‘ग्नूकॅश’ या हिशेबाच्या सॉफ्टवेअरला. १९९८ पासून चालत आलेलं, फुकट, नोंदी आपल्याच संगणकावर ठेवणारं. त्याचे पडदे मराठीत आहेत, तमिळमध्येही. अंदाजपत्रकाचा कालावधी आपण ठरवायचा. प्रत्येक व्यवहार दोन खात्यांत पडतो, एकीकडे जमा, दुसरीकडे नावे. कीर्द-खतावणी लिहिणाऱ्या आजोबांना ते न शिकवता कळलं असतं. संगणक लागतो, ही अडचण खरी. घरात तो नसेल तर वही घ्या, पण हिशेब सोडू नका.

या हंगामापुरतं तरी करून पाहा. रोखीचा खर्च रोज रात्री स्वतःच्या हाताने नोंदवा, घरातल्या बाईमाणसांना विचारून नोंदवा, आणि महिन्यातून एकदा ग्नूकॅशची फाइल पेनड्राइव्हवर उतरवून ठेवा.