युवा ग्रुपमध्ये प्रेमावर बोलायला आपण एवढे का घाबरतो?

मित्रांनो, पोस्ट लांब आहे. घाईत असाल तर रात्री जेवणं झाल्यावर वाचा, पण शेवटपर्यंत वाचा. खास करून आईवडील, पॅरिश कौन्सिलचे सभासद आणि युवा ग्रुपचे अ‍ॅनिमेटर.

आपल्या वसईत युवा ग्रुपचं वर्ष कसं जातं हे सगळ्यांना ठाऊक आहे. नाताळात गोठा आणि कॅरल, उपवासकाळात क्रूसाची वाट, मे महिन्यात शिबिर, पावसाळ्यात सहल, मध्येच रक्तदान, क्रिकेटचे सामने, एकांकिका. वर्षाच्या शेवटी अहवाल वाचला जातो. इतके कार्यक्रम झाले, इतकी उपस्थिती होती. टाळ्या वाजतात, चहा-वडे होतात, नवीन कमिटी येते.

लग्नाआधी मी अशाच एका ग्रुपची सभासद होते आणि गेली बारा वर्षं नवऱ्यासोबत अ‍ॅनिमेटर म्हणून काम करते. त्यामुळे कार्यक्रमांना नावं ठेवायला मी बसलेली नाही. रात्री दोन वाजता गोठ्याचा बांबू धरून उभी राहिलेली पोरं एकमेकांची जशी होतात, तशी ती कुठल्याही प्रवचनाने होत नाहीत. पण त्या अहवालात एक शब्द मी आजवर कधी ऐकला नाही. प्रेम.

सोळा ते अठ्ठावीस वयाची मुलं-मुली दर रविवारी एका हॉलमध्ये बसतात. त्यांच्यातल्या निम्म्यांच्या डोक्यात तेव्हा काय चाललेलं असतं हे सांगायला मानसशास्त्रज्ञ नको. कुणाचं जुळलंय, कुणाचं तुटलंय, कुणाला घरी सांगायची भीती वाटतेय. आणि आपण त्यांना विचारतो, "पुढच्या महिन्यातल्या रॅलीला टी-शर्टचा रंग कोणता घ्यायचा?"

प्रेमाचा विषय आपल्याकडे निघतो तो तीनच वेळा. एकदा शिबिरात, जेव्हा पाहुणा वक्ता येऊन 'हे करू नका, ते करू नका'ची यादी वाचतो आणि निघून जातो. दुसऱ्यांदा, गावातलं कुणीतरी पळून जाऊन लग्न करतं तेव्हा, तेही कुजबुजत. आणि तिसऱ्यांदा विवाहपूर्व शिबिरात. तोवर हॉल बुक झालेला असतो, केटररला आगाऊ रक्कम दिलेली असते, पत्रिका छापायला गेलेल्या असतात. अशा वेळी 'तुम्ही एकमेकांना नीट ओळखता का?' हा प्रश्न विचारून उपयोग काय?

गंमत म्हणजे, चर्चला हे मान्य नाही. म्हणजे आपल्या चर्चचीच शिकवण आपल्या पद्धतीच्या विरुद्ध आहे! 1983 च्या कॅनन लॉमध्ये 1063 वा नियम आहे. विवाहाची तयारी ही धर्मग्रामाची जबाबदारी आहे आणि ती लहान मुलं, तरुण आणि प्रौढ अशा प्रत्येकाच्या वयाला साजेशी असावी, असा त्याचा आशय. पोप जॉन पॉल दुसरे यांनी 1981 मध्ये कुटुंबावर जे प्रबोधनपत्र लिहिलं, त्यात या तयारीचे तीन टप्पे सांगितले. पहिला बालपणापासूनचा, दुसरा तारुण्यातला आणि तिसरा लग्नाच्या अगदी आधीचा. आपण पहिले दोन गाळून थेट तिसऱ्यावर उडी मारतो. पोप फ्रान्सिस यांनीही 2022 मध्ये हीच खंत मांडली होती. धर्मगुरू घडवायला आपण वर्षंच्या वर्षं देतो आणि नवरा-बायको घडवायला फक्त काही आठवडे.

आता कुणी म्हणेल, "धर्मगुरूंनी पोरांशी प्रेमावर काय बोलायचं? त्यांना त्यातलं काय कळतं?"

त्यावर एक खरी गोष्ट सांगते. 1950 च्या दशकातला पोलंड. कम्युनिस्ट राजवट. चर्चबाहेर तरुणांचे गट चालवायला धर्मगुरूंना मनाई. क्राकूव शहरात एक तरुण धर्मगुरू झगा बाजूला ठेवून, साधे कपडे घालून विद्यार्थ्यांसोबत डोंगरात जायचा, नदीत कयाक वल्हवायचा. पोलिसांना संशय येऊ नये म्हणून पोरं त्याला फादर न म्हणता 'वुयेक' म्हणायची. आपल्या भाषेत, मामा. सकाळी उलट्या ठेवलेल्या कयाकची वेदी करून मिस्सा, दिवसभर वल्ही, आणि रात्री शेकोटीभोवती गप्पा. त्या गप्पांत काय असायचं? प्रेम, लग्न, शरीर, भीती, देव. सगळंच. मामा ऐकायचा जास्त, बोलायचा कमी.

त्या मामाने त्याच पोरांशी चर्चा करून एक पुस्तक लिहिलं, 'प्रेम आणि जबाबदारी'. ते 1960 मध्ये प्रसिद्ध झालं. 1958 मध्ये त्याला बिशप केल्याचा निरोप आला तेव्हाही तो कयाकच्या सहलीवरच होता. मामाचं नाव कारोल वोयतिला, म्हणजेच पुढचे पोप जॉन पॉल दुसरे. ती पोरं पुढे लग्नं करून संसाराला लागली, त्यांना नातवंडं झाली, पण मामाशी त्यांची मैत्री 2005 मध्ये तो जाईपर्यंत टिकली.

ब्रह्मचारी माणसाला प्रेमातलं काय कळणार, या प्रश्नाचं उत्तर इथे आहे. ज्यांना कळतं त्यांच्याशी मैत्री केली की कळतं.

दुसरं उदाहरण अगदी ताजं आहे. 7 सप्टेंबर 2025 रोजी रोममध्ये पोप लिओ यांनी दोन तरुणांना संत घोषित केलं. कार्लो अकुतीसचे फोटो आपल्याकडे घरोघरी पोचले, कॉम्प्युटरवाला संत म्हणून. दुसऱ्याबद्दल आपण फारसं बोललोच नाही. पिएर जोर्जो फ्रासाती. जन्म 1901, इटलीतल्या तुरीन शहरात. वडील मोठ्या वर्तमानपत्राचे मालक. हा मात्र खिशातले पैसे गरिबांना देऊन घरी चालत येणारा. 1924 मध्ये त्याने मुलं-मुली मिळून मित्रांची एक टोळी काढली आणि तिला नाव दिलं 'तिपी लोस्की', म्हणजे 'संशयास्पद मंडळी'! डोंगर चढायचे, एकमेकांना टोपणनावं ठेवायची, खोड्या काढायच्या आणि एकमेकांसाठी प्रार्थना करायची. त्या टोळीतल्या लाउरा नावाच्या मुलीवर त्याचं प्रेम होतं. घरच्यांना ती पसंत पडणार नव्हती, आईवडिलांचा संसारही मोडायच्या बेताला आला होता. त्याने तिला ते कधी सांगितलं नाही. ते दुःख त्याने बहिणीजवळ आणि जवळच्या मित्रांजवळ मोकळं केलं. 1925 मध्ये, चोविसाव्या वर्षी पोलिओने तो गेला. मरणाच्या आदल्या दिवशी लुळ्या होत चाललेल्या हाताने त्याने चिठ्ठी लिहिली, ती एका गरीब रुग्णाच्या इंजेक्शनांसाठी.

फ्रासातीने लाउराला सांगायला हवं होतं की नको, यावर आमच्या ग्रुपमध्ये दीड तास वाद झाला. इतकी जिवंत मीटिंग मी त्याआधी पाहिली नव्हती. मुली म्हणत होत्या, "तिला विचारायला तर हवं होतं, निर्णय त्याने एकट्यानेच का घेतला?" एक मुलगा म्हणाला, "निदान त्याला मित्र तरी होते." मग हॉल शांत झाला. त्या वाक्यात आपल्या सगळ्या युवाकार्याचा हिशोब आहे.

आता जरा अवघड मुद्दा. आंतरधर्मीय प्रेम.

आपली मुलं विरार लोकलने अंधेरी-चर्चगेटला जातात, तिथे आठ-नऊ तास काम करतात. सोबतचा सहकारी कॅथलिकच असेल असं कुठे आहे? प्रेम होतं. माझ्या ओळखीची एक मुलगी, गायनवृंदात होती, धर्मशिक्षणाचा वर्ग घ्यायची. हिंदू मुलाशी तिचं जुळल्याचं कळल्यावर तिला गोड शब्दांत सांगण्यात आलं की यंदा वर्ग दुसऱ्या कुणाला देऊया. भांडण नाही, आरडाओरडा नाही. ती ग्रुपमध्ये यायची थांबली, मग मिस्सेला यायची थांबली. मी भेटायला गेले तेव्हा म्हणाली, "ताई, तसंही आता मला चर्चमध्ये जागा नाही ना?"

तिला कुणी सांगितलंच नव्हतं. ख्रिस्ती नसलेल्या व्यक्तीशी चर्चमध्ये विवाह करण्यासाठी बिशपांकडून विशेष सूट मिळू शकते, हे चर्चच्या कायद्यात आहे. समोरच्याने धर्म बदलायलाच हवा अशी अट नाही. कॅथलिक व्यक्तीने स्वतःची श्रद्धा जपायची तयारी दाखवायची आणि मुलांना बाप्तिस्मा देऊन कॅथलिक श्रद्धेत वाढवण्यासाठी आपल्या परीने सर्व प्रयत्न करीन असं मनापासून वचन द्यायचं. समोरच्याला त्या वचनाची कल्पना असायला हवी. विवाह म्हणजे काय हे दोघांनीही समजून घ्यायचं. आधी नोंदणी पद्धतीने लग्न झालं असेल तरी पुढे ते चर्चच्या दृष्टीने रीतसर करून घेण्याचा मार्ग असतो. सूट हा हक्क नव्हे, ती मागावी लागते, आणि त्या वचनावर दोघांनी आधी गंभीरपणे बोलायलाच हवं. पण दार आहे! आपण त्या दारासमोर उभं राहून पोरांना 'इथे भिंत आहे' असं सांगतो. मग ती दुसरीकडून निघून जातात आणि आपण म्हणतो, आजकालच्या पिढीत श्रद्धाच उरली नाही.

आणि परधर्माचं सोडा. आपल्या आपल्यात काय आहे? सामवेदी, वाडवळ, कोळी, ईस्ट इंडियन, गोवन, मंगळुरी, तमिळ, आदिवासी. सगळे एकाच रांगेत कम्युनियन घेतो. सोयरिकीचा विषय निघाला की पहिला प्रश्न, "आपल्यातला आहे का?" युवा ग्रुपमध्ये पोरं एका ताटात जेवतात तेव्हा आपल्याला कौतुक वाटतं, त्यांच्यातली दोघं प्रेमात पडली की तेच कौतुक घशात अडकतं. शुभवर्तमान शिकवायचं आणि जातीची वही सांभाळायची, हे दोन्ही एकाच घरात कसं चालतं हे पोरं बघत असतात. त्यांची श्रद्धा मोबाइलमुळे कमी आणि आपल्या या दुटप्पीपणामुळे जास्त ढळते, असं माझं स्पष्ट मत आहे.

एक आक्षेप मात्र गंभीर आहे. "मोकळी मैत्री म्हणता, आणि काही विपरीत घडलं तर?" बरोबर आहे. मैत्रीच्या नावाखाली चर्चमध्ये जगभर मुलांवर अत्याचार झाले आणि लपवलेही गेले. म्हणून मैत्री उजेडात हवी. अठराखालच्या मुलांसोबत कधीही एकटा मोठा माणूस नको, दोघं हवीतच. बंद खोलीत मार्गदर्शन नको. रात्री-अपरात्री खासगी मेसेज नकोत. 2012 च्या पॉक्सो कायद्यानुसार संशय आला तरी कळवणं बंधनकारक आहे, हे प्रत्येक अ‍ॅनिमेटरला तोंडपाठ हवं. आणि लक्षात घ्या, ज्या ग्रुपमध्ये प्रेम आणि शरीर या विषयांवर उघड बोललं जातं, तिथल्या मुलाला आपल्यासोबत काही वाईट घडलं तर ते सांगायला शब्द सापडतात. जिथे सगळं झाकलेलं असतं, तिथे गुन्हेगाराचं फावतं.

मग करायचं काय? माझ्या मागण्या साध्या आहेत. दृढीकरणाच्या तयारीपासूनच मैत्री आणि प्रेम हा विषय घ्या. शिकवायला वक्ता नको, गावातली चार जोडपी बोलवा. पंचवीस वर्षं संसार केलेली, भांडलेली, एखादं मूल गमावलेली, आंतरधर्मीय लग्न केलेलीसुद्धा. त्यांना खरं बोलू द्या. आंतरधर्मीय विवाहाचे नियम सोप्या मराठीत छापून सूचनाफलकावर लावा. ज्याचं प्रेम तुटलं त्याला 'बरं झालं, सुटलास' म्हणू नका, त्याच्याजवळ बसा. आणि वार्षिक अहवालात एक रकाना वाढवा. यंदा ग्रुपमधून जे यायचे थांबले, त्यांच्या घरी कोण गेलं?

शेवटच्या भोजनाच्या रात्री येशूने शिष्यांना दास म्हणायचं नाकारलं, मित्र म्हटलं. त्यांच्यातला एक ओळख नाकारणार होता, बाकीचे पळणार होते. हे माहीत असूनही मित्र म्हटलं. आपल्याला तर समोर फक्त प्रेमात पडलेली पोरं दिसतायत. त्यांच्याशी मैत्री करायला एवढं अवघड काय आहे?

पटलं तर आपल्या पॅरिशच्या ग्रुपवर टाका. नाही पटलं तर खाली भांडा, मी उत्तर देईन. फक्त एक विनंती, कुणाच्या मुलीचं किंवा मुलाचं नाव घेऊन बोलू नका.