बीड आणि पापुद्रा

दिवाळीच्या अंकात दिव्यांविषयी लिहावे, असा रिवाजच आहे. पण पणतीवर लिहिणारे पुष्कळ. म्हणून यंदा मी घरोघरी लटकणाऱ्या एलईडीच्या माळेकडे वळतो. निमित्त, आमच्या दाजींच्या घरातला एक वाद.

दाजींची शिरोली एमआयडीसीत फौंड्री आहे. बिडाचे ओतकाम हा धंदा. भाचा शिवाजी विद्यापीठातून पदार्थविज्ञानात एम.एस्सी. झाला आणि आता म्हणतो, एलईडीसाठी ग्राफीनवर संशोधन करणार. "भट्टीपुढं उभं राहायला नको, म्हणून ही सोंगं!" हे दाजींचे मत. ताईने निवाडा माझ्यावर सोपवला.

आधी दाजींना मुद्दा सांगणे भाग होते. एलईडी म्हणजे स्फटिकाचा बारीकसा तुकडा. त्यातून वीज गेली की प्रकाश पडतो. ती वीज साऱ्या पृष्ठभागावर सारखी पसरायला हवी. वर जाड धातू चढवला तर वीज पसरेल, पण उजेड आतच कोंडेल. तेव्हा विजेला तारेसारखे आणि उजेडाला काचेसारखे असे आवरण हवे. हे काम इंडियम-टिन ऑक्साइडचा थर करतो. तो गुणी खरा, पण वाकवला की तडकतो; आणि इंडियम धातू मुख्यतः जस्ताच्या शुद्धीकरणातून, तोही थोडका, मिळतो.

2004 साली मँचेस्टरला आंद्रे गाइम आणि कॉन्स्टंटिन नोव्होसेलोव्ह यांनी साध्या चिकटपट्टीने ग्रॅफाइटचे पापुद्रे सोलत एका अणूच्या जाडीचा थर वेगळा केला. तेच ग्राफीन. 2010 साली दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले. हा थर वीज वाहतो, वाकतो आणि उजेडाचा अवघा 2.3 टक्के भाग अडवतो.

"मग अडलंय कुठं?" दाजींनी व्यापारी प्रश्न केला. प्रश्न रास्त होता. एकट्या थराचा विजेला होणारा विरोध इंडियमवाल्या थरापेक्षा बराच जास्त. एकावर एक चार थर चढवावेत, तर नऊ टक्के उजेड गेला. 2010 साली कोरियातल्या संशोधकांनी तांब्याच्या पातळ पत्र्यावर 30 इंची ग्राफीन वाढवून दाखवले. पण ते न फाटता, न सुरकुतता दुसरीकडे उतरवणे नाजूक काम. म्हणून बाजारातल्या दिव्यांत अजून जुन्याच थराची चलती आहे.

"दाजी," मी विचारले, "बिडाचा तुकडा मोडला की करडा का दिसतो?"

"ग्रॅफाइटच्या पाकळ्यांनी. त्यांच्यामुळंच तर बीड यंत्रावर सहज कापलं जातं."

"त्या पाकळीचा एक थर, म्हणजे ग्राफीन."

दाजी हसले. "म्हणजे पोरगं आमचाच माल घेऊन बसलंय की!" मग हळूच म्हणाले, "पण माझ्यामागं भट्टी कोण बघणार?"

खरा वाद हा होता. विज्ञान उगीच मध्ये आले होते.

तेवढ्यात ताई म्हणाली, "धाकटीला कुणी विचारलंय का? मेकॅनिकलची पदविका घेऊन दोन वर्षं रोज वाळू तपासतीय ती."

कुणीच विचारले नव्हते. माझा निवाडा त्यामुळे सोपा झाला. भाच्याने संशोधनाला जावे; यश येईलच अशी हमी मात्र मागू नये. आणि धाकटीला दाजींनी उद्यापासून वाळूबरोबर हिशेबाची वहीही द्यावी.

दाजींनी निवाडा मान्य केला, असे नाही. पण वही कुठे ठेवली आहे, ते त्यांनी धाकटीला सांगितले.