हाताने टाकलेला कराचा आकडा

मैत्रिणींनो, 22 सप्टेंबर 2025 पासून साबण, शाम्पू, टूथपेस्ट, केसांचं तेल यांवरचा जीएसटी 18 टक्क्यांवरून 5 टक्के झाला. गाजावाजा खूप झाला. पण अशी कपात आपल्या पिशवीपर्यंत पोचते की नाही, हे शेवटी दुकानातल्या कॉम्प्युटरवर ठरतं. आणि जळगाव-धुळ्यात त्या कॉम्प्युटरसमोर पुष्कळदा आपल्याच घरातली, टॅली शिकलेली मुलगी बसलेली असते.

महाराष्ट्रात 1 एप्रिल 2005 ला विक्रीकर जाऊन व्हॅट आला, 1 जुलै 2017 ला जीएसटी. जुनी माणसं अजून 'सेल्स टॅक्स'च म्हणतात! सॉफ्टवेअरमध्ये वस्तूचा दर एकदा भरला की कर आपोआप निघतो. पण तो आकडा खोडून हाताने दुसरा टाकायचीही सोय असते. खरी गोम इथेच आहे.

माल पाठवणाऱ्याच्या बिलात कर 47.37 आणि आपल्याकडे 47.38 निघाला, तर पैशाचा फरक जुळवून घ्यायला हरकत नाही. 'राउंड ऑफ'चं खातं त्यासाठीच असतं. पण दरच जुना राहिला असेल तर? 50 रुपयांच्या वस्तूवर 18 टक्क्यांनी बिल 59 होतं, 5 टक्क्यांनी साडेबावन्न. कराचा आकडा कमी केला, पण मूळ किंमत हळूच वाढवून बिल 59 चंच ठेवलं, तर गिऱ्हाइकाच्या हाती काय लागलं?

दुसरी गोष्ट आपल्या सीमेवरच्या भागाची. सुरतेहून कापड किंवा बऱ्हाणपूरहून माल आणला, तर तो परराज्यातला, म्हणून आयजीएसटी. राज्यातल्या खरेदीवर मात्र केंद्राचा आणि राज्याचा असे दोन सारखे भाग. व्यापाऱ्याच्या खात्यात राज्यच चुकीचं भरलं असेल, तर कर चुकीच्या खान्यात जातो. मग "टाक गं हातानं" म्हणून वेळ मारून नेतात. पुढच्या बिलाला पुन्हा तेच. दुखणं एकीकडे आणि मलम दुसरीकडे! खात्यातलं राज्य दुरुस्त करा, आकडा आपोआप सुधारेल.

दिलेलं बिल चुकलं तर ते गुपचूप बदलायचं नसतं. त्यासाठी क्रेडिट नोट, डेबिट नोट असते. कारण व्यापाऱ्याला दिलेल्या बिलाची माहिती सरकारी पोर्टलवर जाते आणि त्यावरच त्याला भरलेल्या कराची वजावट मिळते. मेळ बसला नाही की नोटीस येते. कंपन्यांना तर 1 एप्रिल 2023 पासून प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारंच सॉफ्टवेअर वापरावं लागतं. छोट्या दुकानाला ही सक्ती नाही. पण तिथे नोंद नसते, म्हणूनच "हे हिनंच टाकलं" म्हणणं सोपं जातं. नोटीस मालकाच्या नावाने येते, बोल मात्र पगारावरच्या पोरीला.

म्हणून मुलींनो, आकडा बदलावाच लागला तर त्या नोंदीखाली कारण लिहा, कोणी सांगितलं तेही लिहा. शंका आली तर दुकानाच्या सीएंना विचारा. नोकरी गरजेची असते, मला कळतं. पण आपलं नावही आपल्यालाच सांभाळायचं असतं.

आणि आपण गिऱ्हाइकांनी? बिल मागायचं, त्यावरचा दर वाचायचा. पापडावर जीएसटी नाही, आणि जीएसटीची नोंदणी नसलेल्या विक्रेत्याला कर घेता येत नाही, एवढं तरी पाठ ठेवूया. भाजीवालीशी रुपयासाठी घासाघीस करणाऱ्या आपण, छापील बिलापुढे गप्प का बसायचं?