देह दिला, पुढचं कळवाल का?

मा. वैद्यकीय शिक्षण मंत्री, महाराष्ट्र राज्य, आणि सर्व वैद्यकीय महाविद्यालयांचे अधिष्ठाते यांस,



देहदानाचे अर्ज वाढावेत म्हणून आवाहनं होतात. ती व्हायलाच हवीत. पण ज्या घरांनी देह दिला, त्यांच्याशी असलेला संबंध प्रमाणपत्र हाती दिलं की संपतो. माझी तक्रार त्याबद्दल आहे.

अर्ज भरणाऱ्याची इच्छा कितीही पक्की असो, ती पुरी करायची मागे राहिलेल्यांनी. काही तासांत देह पोचवायचा असतो. रात्री-अपरात्री मृत्यूचा दाखला देणारा डॉक्टर शोधायचा, झेरॉक्स काढायच्या, ‘अग्नी दिला नाही तर गती कशी मिळणार?’ म्हणणाऱ्या काकांची समजूत घालायची. आईच्या वेळी आम्ही हे सगळं केलं. देह ताब्यात घेताना शरीररचनाशास्त्र विभागातल्या शिपायानं हात जोडले, त्याचा फार आधार वाटला. पुढे काही महिन्यांनी भावानं चौकशीला फोन केला, तर ‘अशी माहिती देत नाही’ एवढंच उत्तर मिळालं.

न देण्यासारखं त्यात काय आहे? फॉर्मालिननं जतन केलेल्या देहापुढे पहिल्या वर्षाची मुलं आदरानं वागण्याची शपथ घेतात. पुस्तकातल्या चित्रात धमनी लाल आणि शीर निळी असते. इथं दोन्ही जवळपास एकाच रंगाच्या. कुठली भिंत जाड, कुठली पातळ, हे चिमट्यात धरून, बोटांनी चाचपून ओळखावं लागतं. हे आम्हाला कुणी सांगितलं असतं, तर काकांनासुद्धा सांगता आलं असतं!

घरच्यांना न सांगण्यातून काय होतं, ते इंग्लंडमध्ये दिसलं. लिव्हरपूलच्या ‘आल्डर हे’ बालरुग्णालयात शवविच्छेदनानंतर मुलांचे अवयव पालकांना न सांगता ठेवून घेतल्याचं १९९९ मध्ये उघड झालं. मूल पुरलेल्या आईबापांना त्याच्या अवयवांसाठी पुन्हा अंत्यविधी करावे लागले. पुढे २००४ च्या कायद्यानं तिथं संमती हाच पाया ठरवला. आपल्याकडचा १९४९ चा शरीररचनाशास्त्र कायदा मुळात बेवारस मृतदेहांसाठी झाला. ज्यांच्यामागे विचारणारं कुणी नाही, अशांसाठी. दान दिलेल्या देहामागे मात्र अख्खं घर उभं असतं.

संशोधनाला माझा विरोध नाही, उलट आग्रह आहे. बंगळुरूच्या निम्हान्स या संस्थेतल्या मेंदूपेढीत नातेवाइकांच्या संमतीनं मिळालेल्या मेंदूंवर काम चालतं. असं काम इथंही वाढावं. पण शिकवण्यासाठी विच्छेदन, संशोधनासाठी अवयव आणि संग्रहालयात बरणीत कायम ठेवायचा नमुना या तीन निरनिराळ्या गोष्टी आहेत. आईनं भरलेल्या अर्जावर सही एकच होती. ती तिन्हींना हो म्हणाली असती, पण तिला विचारायला हवं होतं.

तेव्हा अर्जात तिन्हींची संमती वेगवेगळी घ्या. रात्री उचलला जाईल असा फोन ठेवा. देहाचा उपयोग पूर्ण झाला आणि अवशेषांवर अंत्यविधी झाले, की घरच्यांना विभागप्रमुखांच्या सहीचं पत्र पाठवा: किती विद्यार्थी शिकले, काय जपून ठेवलं, अंत्यविधी कधी केले. पुढच्या पहिल्या वर्षाचे प्रवेश सुरू होण्याआधी हा आदेश निघावा, ही विनंती.

आपली,
एका देहदात्रीची मुलगी