बिनपगारी शिपाई

मोठ्या सार्वजनिक रुग्णालयात रुग्णाच्या समाचारास जाणाऱ्यास वाट सापडत नाही, ही तक्रार इतकी जुनी आणि इतकी सार्वत्रिक आहे की, ‘फलक लावलेले आहेत, लोक वाचत नाहीत’ एवढ्या एका वाक्यात तिचा निकाल लावून कारभारी मंडळी मोकळी होतात. फलक असतात, हे मान्यच केले पाहिजे. परंतु हातात रक्ताची नळी घेऊन ‘रक्त तपासायचे कुठे’ असे विचारीत धावणारा मनुष्य ज्या दारावरून दोनदा पुढे निघून जातो, त्याच दारावर ‘विकृतिशास्त्र विभाग’ असे ठसठशीत अक्षरांत लिहिलेले असते. त्या फलकाचा उपयोग ज्यांना तो विभाग ठाऊक आहे त्यांनाच.

या गोंधळास कोणा एका अधिकाऱ्याची हयगय कारणीभूत आहे असे मात्र म्हणवत नाही. भायखळ्याचे सर जमशेटजी जीजीभाई (जे.जे.) रुग्णालय १८४५ साली सुरू झाले, परळचे केईएम १९२६ साली. आणि अशा जुन्या संस्था एका नकाशाबरहुकूम उभ्या राहून तशाच थांबत नाहीत. दूषित हवेने रोग फैलावतात या समजुतीच्या काळात फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८५९ सालच्या आपल्या ग्रंथात दोन्ही अंगांनी खिडक्या असलेल्या, परस्परांपासून अलग अशा लांबट दालनांचा पुरस्कार केला, आणि त्या विचाराने एकोणिसाव्या शतकात रुग्णालये आडवी पसरली; पुढे जागा अपुरी पडू लागली तशी कोठे दात्याच्या नावाची इमारत उठली, कोठे जुन्या कौलांशेजारी सहा मजले चढले, आणि एकीचा दुसरा मजला दुसरीच्या तिसऱ्याशी जोडणारे पूल आले. वॉर्डांचे क्रमांक मात्र पहिल्या मांडणीचे राहिले, त्यामुळे सतराच्या शेजारी अठरा असेलच अशी खात्री कोणी देऊ नये.

सायंकाळी चार ते सहा या वेळेत शहाळे आणि डबा घेऊन येणारा पाहुणा या चक्रव्यूहात हरवला, तर फार तर त्याची भेटीची अर्धी घटका वाया जाते, आणि खरे सांगायचे तर रुग्णासही थोडी विश्रांती मिळते. माझे म्हणणे त्याच्याविषयी नाही. माझे म्हणणे आहे ते रुग्णाच्या उशाशी रात्रंदिवस बसलेल्या, दप्तरी ‘नातेवाईक’ म्हणून नोंदलेल्या आणि प्रत्यक्षात संस्थेचा बिनपगारी शिपाई म्हणून वागवल्या जाणाऱ्या मनुष्याविषयी. रात्री दोन वाजता सिस्टर त्याच्या हातात चिठ्ठी चिकटवलेली नळी आणि मागणीचा कागद ठेवतात आणि म्हणतात, “मामा दुसरीकडे गेलेत, तुम्हीच जा, रक्तपेढी जुन्या इमारतीत, मागच्या अंगाला.” बीडहून किंवा सावंतवाडीहून काल आलेल्या माणसाला जुनी इमारत कोणती आणि तिचे मागचे अंग कोणते, हे कोणी सांगावे? लिफ्टवर ‘फक्त रुग्णांसाठी’ अशी पाटी, जिन्याच्या तोंडाशी कुलूप, आणि रखवालदार त्याच रात्री बदलीवर आलेला.

रक्ताची पिशवी शीतकपाटातून बाहेर काढल्यावर साधारण अर्ध्या तासाच्या आत ती चढवण्यास प्रारंभ व्हावा, असा दंडक आहे. धमनीतून काढलेल्या रक्तातील वायूंची तपासणी करायची असेल, तर ते रक्त तातडीने पोहोचवावे लागते. वाट न सापडणे ही तेव्हा गैरसोय राहत नाही, तर उपचारात पडलेला खंड ठरते, आणि त्याचा दाखला कोणत्याही केसपेपरावर उमटत नाही. प्रत्यक्षात ही वाट दाखवतात त्या मावशी, फाटकाबाहेरचा चहावाला, आणि महिनाभर मुक्काम पडल्यामुळे मुरलेले शेजारच्या खाटेचे नातेवाईक, ज्यांना कोणती लिफ्ट कोणत्या मजल्यावर थांबत नाही हेही तोंडपाठ असते.

या ज्ञानास संस्थेने अधिकृत जागा द्यावी, एवढीच माझी मागणी आहे. रुग्णास औषधाखेरीज आणखी काही लागते हे ओळखून १९४६ साली जे.जे. रुग्णालयात वैद्यकीय समाजसेवकाची नेमणूक झाली, तेव्हाही ही उधळपट्टी वाटणारे कोणी असतीलच. रात्रपाळीसह, आवाराची खडान्‌खडा माहिती असलेला एक माणूस फाटकाशी तैनात ठेवणे त्याहून अवघड नाही. चौकशीची खिडकी सायंकाळी बंद होते आणि निकडीची धावपळ तर रात्रीच होते, या विसंगतीकडे कोणाचेच लक्ष जाऊ नये, याचे नवल वाटते.

नमुने पोहोचवणे हे मुळात नातेवाइकाचे कामच नव्हे, असा आक्षेप कोणी घेईल, आणि तो सर्वस्वी रास्त आहे. वॉर्डाच्या शिपायांच्या रिकाम्या जागा भरून ते काम या मामांकडे परत सोपवणे हाच खरा उपाय. ते होईपर्यंत मागणीच्या कागदाच्या माथ्यावर, छापखान्यातच, वॉर्डापासून रक्तपेढीपर्यंतच्या वाटेच्या दोन ओळी साध्या मराठीत आणि हिंदीत घालून घ्याव्यात. कागद नाहीतरी छापलाच जातो.