२००५-०६ : महाराष्ट्राचे विसरलेले विजेतेपद

१९९६ ते २००७ या काळात राष्ट्रीय फुटबॉल लीगचे ११ हंगाम झाले. सहा विजेतेपदे कोलकात्याची, तीन गोव्याची, एक पंजाबच्या जेसीटीचे. उरलेले एकमेव आपले : २००५-०६ मध्ये डेरिक परेरा यांच्या मार्गदर्शनाखाली मुंबईच्या महिंद्रा युनायटेडने ईस्ट बंगालला मागे टाकले. आपल्या सातारा-सांगलीत कुस्तीचे फड तोंडपाठ असणाऱ्यांनाही हे ठाऊक नसते. माझ्या मते दोष स्मरणशक्तीचा नाही. तो संघ कंपनीचा होता, कोणत्या गावाचा नव्हता. २०१० मध्ये कंपनीने तो बंद केला, तेव्हा हळहळायला एकही पेठ नव्हती. शेजारच्या कोल्हापुरात पाटाकडील तालीम मंडळ राष्ट्रीय विजेतेपदाच्या जवळपासही गेले नाही. तरी त्याच्या सामन्याला शाहू स्टेडियम गर्दीने फुलते.